जिवंत माणसाचा फोटो

आई : आधी तो फोटो उतरव, लोकयी! नवरा जिवंत आहे माझा, आत भाजी चिरतोय, आणि तू त्याच्यापुढे उदबत्त्या लावल्यास?

लोकयी : अगं, शूटिंग आहे ना! सिनेमातल्या आजोबांचा फोटो आहे तो. स्वतःचा फोटो द्यायला शेजारच्या मोककाकांनी ऐन वेळी नाही म्हटलं.

आई : म्हणणारच. त्यांना जीव प्यारा आहे. हाँगकाँगची माणसं असले खेळ करत नाहीत.

लोकयी : आजोबांचा फोटोच नाही आपल्याकडे. आणि बाबांचा चेहरा त्यांच्यावरच गेलाय, तूच म्हणतेस. आपलं हॉटेल आज एकच दिवस बंद आहे, आई. हा प्रसंग गेला तर सिनेमाच गेला.

आई : जाऊ दे गेला तर! मेल्या माणसावर विनोदी सिनेमा! अख्ख्या टोरांटोत हसं. अहो, बाहेर या, बघा लेकीचे प्रताप!

(बाबा हात पुसत येतात. फोटो जवळून निरखतात.)

बाबा : बरा आलाय. लायसन्सवरचा ना? मग माझं लाल पाकीट कुठंय? सिनेमात मरणाऱ्याला लाल पाकिटात पैसे घालून देतात, अपशकुन उतरतो. एवढंही ठाऊक नाही दिग्दर्शकीणबाईंना?

आई : झालं! हेही तिच्याच पंगतीला.

बाबा : आणि तो नट मघापासून आत भिंतीला नमस्कार घालतोय, ते काय?

लोकयी : तो... मुलगा आहे. बाप तिकडे हाँगकाँगला वारलाय, याला जाता येत नाही. हा कढई हलवत फोनवर अंत्यविधी ऐकतो. मग तिथं प्रेतापुढे वाकतात तसा तीनदा वाकतो. खिडकीतल्या गिऱ्हाइकाला वाटतं, नमस्कार आपल्यालाच. तेही वाकतं.

बाबा : हे तुला कुणी सांगितलं?

लोकयी : कुणी नाही. तुम्ही वाकलात तेव्हा तिथंच तांदळाच्या पोत्यावर बसून गृहपाठ करत होते मी. आठ वर्षांची होते.

आई : मला कधी बोलला नाहीत.

बाबा : नूडल्स करपल्या म्हणून तू ओरडत होतीस. कधी बोलणार?

लोकयी : बाबा, तुम्ही नको म्हणालात तर आत्ता बंद करते. सगळंच.

बाबा : त्या पोराला सांग, भिंतीकडे नाही. फोन चुलीवरच्या फळीवर होता. तिकडे वाकायचं. आणि सावकाश, घाई नको.

आई : थांबा. आधी पाकीट. माझ्या पर्समध्ये आहे एक.

लोकयी : लोक हसतील, बाबा.

बाबा : हसू देत. माझ्या वडिलांच्या अंत्यविधीला चारच माणसं होती. येऊ देत की लोक.