नमस्काराची पट्टी

नाई जी शालिकराम भाऊ, कॉम्प्युटरले बोल लावू नका, त्यानं नाई खाल्ली तुमची गाणी. तुम्हीच खाल्ली — म्हणजे तुमच्या बोटानं. बसा, त्या स्टुलावर बसा, उभ्यानं ऐकाल तर पाय दुखतील अन् मंग तेही माह्यावरच येईल. काल तीन गाणी वाजवली, तिन्ही गेली, उद्या सकाळी नाटकाच्या प्रचाराची जीप कुरखेड्याकडे निघून राह्यली अन् तिच्यावर लावाले काईच नाई — हे मले समजलं, तुम्ही चारदा सांगितलं. आता कशी गेली ते एकदा ऐका.

ही पेटी — तुम्ही तिले पेटीच म्हणता, म्हणा — माह्या भावानं, वाजिदनं, नागपूरवरून आणली. तिच्यात स्वतःचा आवाज नाई. पट्टी दाबली का ती कॉम्प्युटरले फक्त निरोप धाडते, अमकी पट्टी दबली, इतक्या जोरानं दबली. ऑर्गनचा सूर काढते तो कॉम्प्युटर. इथवर ठीक. पण वरच्या बाजूले हे बटनं, ह्या गोल खुंट्या — पाहाले मोठ्या झकास, नाई? रेकॉर्डिंग सुरू करा, बंद करा, सगळं इथूनच, असं खोक्यावर लिहिलं होतं. अन् आमचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर त्यातल्या एकाही बटनाले ओळखत नाई. सूर घेते, बटनं घेत नाई. ज्यायनं ते बनवलं त्यायले मी ईमेल केला — इंग्रजीत केला, बीएस्सी काय उगाच झाली — तर उत्तर आलं, ही सोय सध्या नाई, पुढं पाहू. अगदी तुमच्यावानी. 'पुढच्या सीझनले पाहू वो बाई.'

मंग काय केलं? वाजिदनं तर पेटी चादरीत गुंडाळली अन् नागपूरले मोबाईलच्या दुकानात लागला. माईक त्या कोपऱ्यात, कॉम्प्युटर ह्या कोपऱ्यात, गाणारी मी, रेकॉर्ड दाबणारी मी — किती पळू? तर मी एक बारकासा फुकटचा प्रोग्राम शोधला अन् दोघायच्या मधात बसवला. सिरोंच्याच्या एस्टीत कसं, कंडक्टर मराठीत विचारते, म्हातारी तेलुगूत बोलते अन् मधातला कोणीतरी दोघायले समजावते — तसा. पेटीची उजवीकडची शेवटची पट्टी दबली का तो सॉफ्टवेअरले सांगते, कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर रेकॉर्डचं अक्षर दाबलं. डावीकडची पहिली दबली का सांगते, आत्ताचं गाणं खोडाचं अक्षर दाबलं. सॉफ्टवेअर बिचारं मानते.

त्याच दोन पट्ट्या काऊन? कारण तुमच्या नाटकाच्या गाण्यात तिथवर कोणी जातच नाई. तीन सीझनची गाणी तपासली मी, एक सूर नाई सापडला. पण एक गोष्ट मी धरलीच नव्हती — आजवर पेटी मीच वाजवत होती, काल पहिल्यांदा तुम्ही बसले. तुम्ही वाजवाले बसले का पहिल्या पट्टीले बोट लावता, मंग कपाळाले. गाणं सरलं का बसता गप्पा मारत, पुढचं सुरू कराच्या आधी परत तेच. तीस वर्षं ऑर्गनले केलं, आता ह्या प्लास्टिकलेही — चांगलं आहे, मी हसत नाई. पण बोट हलकंसं टेकलं तरी पट्टी दबतेच. दुसऱ्या गाण्याच्या आधी नमस्कार केला, पहिलं गेलं. तिसऱ्याच्या आधी केला, दुसरं गेलं. सगळं झाल्यावर डोळे मिटून मोठा नमस्कार — तिसरं. पडद्यावर गाण्याची हिरवी पट्टी असते ना, ती अशी फटकन नाईशी होते, तुमचं बोट कपाळाले पोचाच्या आत.

काय म्हणता? हो — म्हणजे — दिसली ना मले. समोरच तर बसली होती मी.

नाई, तसं नाई भाऊ. परत आणता येते, पण तेव्हाच्या तेव्हा, मशीन बंद झाली का सरलं. अन् लाईन गेली ना काल, लोडशेडिंग — हो, लाईन सहाले जाते. हो, तुम्ही चारले गेले. बरं, मशीन मीच बंद केली. पाह्यलं अन् बंद केली. झालं समाधान?

अन् काऊन म्हणून विचारता? पहिलं गाणं झालं तेव्हा तुम्ही छापखान्यात फोन लावला — माह्या समोर, ह्याच स्टुलावर बसून. 'हँडबिलवर घ्या, संगीत — वाजिद इब्राहीम.' अन् फोन खिशात टाकून मले म्हणता, 'नाहीद, चहा टाक वो बाई.' टाकला मी चहा. साखरही बरोबर टाकली. तीन सीझन चाली माह्या अन् नाव त्याचं छापून राह्यले तुम्ही. मागच्या साली स्टेजवर बोलावून त्याच्या गळ्यात हार घातला, अन् ज्या गाण्यासाठी घातला ते गाणं त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी बायायच्या बाजूले बसून टाळ्या वाजवल्या. अब्बा म्हणतात, पोरीचं नाव गावोगाव भिंतीवर लागलं तर स्थळं येत नाईत. तुम्ही म्हणता, बाईचं नाव हिरोईनमंधी शोभते, संगीतात लोक हसतील. दोघं मिळून माह्याच खोलीत चहा पेता अन् माह्याच नावाचं ठरवता, अन् मी कप उचलाले. मी रागानं केलं असं नका समजू भाऊ, मी — नाई, रागानंच केलं.

वाजिदले फोन लावून राह्यले? लावा, लावा. विचारा त्याले, पेटीवरून रेकॉर्डिंग कसं सुरू करतात.

...काय म्हणला? 'नाहीदले विचारा'. हां.

तर आता माहं ऐका. गाणी दोन तासात पुन्हा होतात. तुम्ही वाजवा, हात जोडाचे ते तिकडे दारात जोडून या, जीप सकाळी वाजत-गाजत जाईल. हँडबिलचं प्रूफ तुमच्या खिशात आहे ना, ते काढा. हा पेन घ्या. हो, आत्ताच. अब्बा दुकानात आहेत, गिऱ्हाईक आहे त्यायच्यापाशी, त्यायले काऊन बोलावता? तुम्ही लिहा. सावकाश लिहा, चष्मा लावा. झालं? दाखवा.

'संगीत — वाजिद इब्राहीम व भगिनी.'

भगिनी.

तुमच्या हिरोईनचं नाव वर एवढ्या मोठ्या अक्षरात, हार्मोनियमवाल्याचं, तबलेवाल्याचं, पडदे रंगवणाऱ्या झिंगूचंसुद्धा आडनावासकट, अन् मी कोण, तर भगिनी. काल एक तास वाजवताना नाहीद, नाहीद म्हणून किती हाका मारल्या, तेव्हा तर नाव चांगलं येत होतं तोंडात.

नाई, पेन राहू द्या तुमच्यापाशीच. छापखाना पाचले बंद होते. निघा आता, नाव लिहून झालं का या.