मोडनिंबचा बोर्ड

सोलापूरच्या एसटी स्टँडवर माझ्या शेजारच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांच्या पलीकडे, रिकामी टोपली पायाशी ठेवून, एक बाई बसल्या होत्या.

"ताई, एवढं ड्रॉप डोळ्यात सोडता का? माझा हात कापतो."

"डोळं आल्यात व्हय, मामा?"

"न्हाय, कोरडं पडल्यात. थेंब पडला की मिनिटभर समदं धुरकट दिसतं, मग थोडा वेळ लख्ख. तेवढ्यात गाडीचा बोर्ड वाचायचा."

"मीच वाचते की. कुटं जायचंय?"

"मोडनिंब. पर माझं मला वाचू द्या. मागल्या खेपंला दम धरला न्हाय. धुरकटातच चढलो आन् अक्कलकोटात उतरलो."

"दर्शन तरी झालं म्हना की. वर बघा. पापणी नका मिटू. हं, झालं. घरी कोण टाकतं?"

"मंडळी टाकायची. शिव्या देत टाकायची. औंदा गेली ती."

"मग आता?"

"आता घरी टाकतच न्हाय. बघायचं काय तितं?"

बाईंनी ड्रॉपच्या बाटलीला झाकण लावून ती त्यांच्या हातात ठेवली. थोड्या वेळाने फलाटाला एक गाडी लागली.

"मामा, गाडी आली. दिसतंय का?"

"थांबा. मोड... निंब. व्हय, मोडनिंबच. लई साफ दिसतंय. तुमची टिकली हिरवी हाय की."

"चढा मग, जागा मिळंल."

"जाऊ दे ही. मागनं दुसरी हाय. आत्ता कुटं दिसाया लागलंय."