सगळ्यात उशिरा सुटणारी शाखा

नातीला कुठल्या परदेशी बोर्डात घालायचं म्हणून तुम्ही महिनाभर डोकं धरून बसलाय ना, मग ऐका. जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन नवीन दहावी आली, तेव्हा मी सोलापुरात ती पास झाले, बाबांनी हौसेनं पेढे आणले, आणि माझी शाखा आईनं एका मिनिटात ठरवली.

मला जायचं होतं आर्ट्सला. गणितात मी जेमतेम काठावर. आई घरी विड्या वळायची, शाळेची पायरी न चढलेली. कॉलेजच्या खिडकीशी तिनं क्लार्कला एकच विचारलं, "सायेब, पोरगी सगळ्यात उशिरा कशात सुटती?"

"सायन्समध्ये. प्रॅक्टिकल असतात, संध्याकाळ होते. बाकीचे दुपारच्या आत मोकळे."

"मग सायन्स लिवा."

मी हादरलेच! बाहेर येऊन ओरडले, "अगं, नापास होईन की मी!"

"होशील तर होशील. पर दुपारची घरात गावणार न्हाईस. तुज्या बापानं तुला विड्या वळायला नवं सूप आणून ठिवलंय."

"बाबांनी? कधी?"

"पेढे आणायला गेला हुता की, तवाच."