मार्करांतला एक नंबर

आम्ही मूळचे उदगीरकडचे, बिरादार. कर्नाटकाच्या हद्दीला लागून आमचं गाव, चुलते अजून तिथंच राहतात, पण माझा जन्म इथला, हैदराबादेतला, अंबरपेठचा, त्यामुळं माझी मराठी तुम्हाला कशी वाटंल देव जाणे, घरात मराठी, गल्लीत तेलुगू आन् क्लबात आमची हैदराबादी, तिन्ही तोंडात घोळून घोळून एकच झाल्या. माझी बायको सुनंदा बिदरची. ती म्हणते, तुम्ही रागावलात की तेलुगूत बोलता, आन् गोड बोलायचं असलं की बोलतच नाही. तुम्ही माझी गोष्ट लिहून घेताय तर लिहा ताई ते पण, माझी हरकत नाही.

वडील हिमायतनगरच्या एका क्लबात टेनिसचं कोर्ट सांभाळायचे. लाल मातीचं कोर्ट, सकाळी पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेषा आखायच्या, साहेब लोकं यायच्या आत सगळं तयार पाहिजे. मीही तिथंच वाढलो, मेंबरनं टाकून दिलेल्या रॅकेटीनं भिंतीवर बॉल मारून मारून शिकलो, आन् मोठा झाल्यावर त्याच क्लबात मार्कर लागलो. मार्कर म्हणलं की लोकाला वाटतं रेषा मारणारा. तसं नाही. मार्कर म्हणजे क्लबचा पगारी खेळाडू. मेंबरला जोडीदार मिळाला नाही की त्याच्यासंगं मार्करनं खेळायचं, आन् खेळायचं म्हणजे काय, तर समोरच्याच्या हातात बॉल द्यायचा. त्याला जिथं मारायला आवडतं तिथंच, कमरेएवढा, ना जोरात ना हल्लू. ज्याचा गुडघा दुखतो त्याला पळवायचं नाही. शेवटाला एखादा गेम त्याला जिंकू द्यायचा, ते बी असं की त्याला कळता कामा नये, कळलं तर तो चिडणार. मेंबर घामाघूम होऊन हसत घरी गेला पाहिजे, तो खरा मार्कर. आन् त्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता, हे मी स्वतःच सांगतो, बाकीचे कशाला सांगतील.

पण आमचा आमचा बी एक खेळ असतो. थंडी लागली की शहरातल्या सगळ्या क्लबांच्या मार्करांची स्पर्धा होते. तिथं मेंबर खुर्चीत बसून चहा पितात आन् आम्ही एकमेकांचा जीव काढतो. जो जिंकला तो वर्षभर मार्करांतला एक नंबर. बाहेरचे मोठे खेळाडू शहरात सामने खेळायला आले की सरावाला त्यालाच बोलवणं येतं. कुठल्याबी क्लबात गेला तर त्याला उस्ताद म्हणतात. मी लई वर्षं उस्ताद होतो, ताई. सवयच झाली होती, नाव व्यंकट हाय हे मीच विसरलो होतो.

मग तिकडं सिकंदराबादच्या क्लबात यादगिरी आला. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान, उंच, पायात नुसता वारा. पहिल्या वर्षी त्यानं मला हरवलं तर मी म्हणलं ऊन डोळ्यात येत होतं. दुसऱ्या वर्षी हरवलं तर म्हणलं बूट नवे होते. सुनंदा म्हणाली, पुढच्या वर्षासाठी काहीतरी आत्ताच शोधून ठेवा, ऐनवेळी सुचणार नाही. तिसऱ्या वर्षी तर मी चांगला तयारीनं गेलो, दम होता, डोकं शांत होतं, आन् तरी तासाभरात खेळ खलास. हात मिळवायला नेटजवळ गेलो तर यादगिरी हळूच म्हणाला, अन्ना, मैं मेंबर नै हूँ ना.

काय सांगू तुम्हाला, कानाखाली मारली असती तर परवडलं असतं. आधी मला वाटलं टिंगल करतोय. तेलुगूत दोन शिव्या बी दिल्या मी. पण बसमध्ये बसलो आन् सगळी मॅच डोळ्यासमोर आणली, एक एक बॉल आठवला, तर खरंच की हो, माझा प्रत्येक बॉल त्याच्या हातात. कोपरा मोकळा दिसतोय, डोकं म्हणतंय तिकडं मार, आन् हात आपला नेऊन ठेवतोय त्याच्या फोरहँडवर, कमरेएवढा, ना जोरात ना हल्लू. वीस वर्षं सकाळ-संध्याकाळ जे केलं तेच हाताला ठाऊक. ज्या कामाची भाकरी खाल्ली त्याच कामानं माझा खेळ खाल्ला, आन् मला पत्ता नाही.

सुनंदाला सांगितलं तर ती हसली नाही. मला वाटलं हसंल. ती म्हणाली, घरात तर कधी माझ्या हातात काही देत नाही, पाण्याचा तांब्या बी मीच उचलते. आन् मग म्हणाली, आता ह्याचं काय करणार. मी म्हणलं सोडून देतो, वय झालं. ती म्हणाली, सोडा, पण मग संध्याकाळी तोंड पाडून माझ्या शिलाई मशीनपाशी बसायचं नाही.

त्याच दिवसांत क्लबात मेंबरांची चर्चा चालली होती. जगातला कुणीतरी मोठा खेळाडू, एक नंबरवरून घसरलेला, परत एक नंबर झाला म्हणून टीव्हीपुढं टाळ्या वाजवत होते. मी बॉल गोळा करत ऐकत होतो. मनात म्हणलं, बाबा, तुला सरावाला माणसं असतील, मी कुणासंगं सराव करू? मेंबरला कोपऱ्यात बॉल मारला तर दुसऱ्या दिवशी कमिटीपुढं उभं राहावं लागंल.

आन् मेंबरला कोपऱ्यात मारायची वेळ आलीच, पण वेगळ्या तऱ्हेनं. आमचे एक डॉक्टरसाब हायत, लहान पोरांचे डॉक्टर, आता दवाखाना बंद केलाय, सत्तरी पार. रोज सकाळी पहिला तास त्यांचा, मी मार्कर झालो तेव्हापासून. एका सकाळी खेळता खेळता माझं डोकं त्या यादगिरीकडं गेलं, आन् हातानं काय केलं, बॉल सपकन रेषेवर. डॉक्टरसाब जागचे हलले बी नाहीत. पुढचा बॉल बी तसाच, दुसऱ्या कोपऱ्यात. त्याच्या पुढचा बी. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, आन् वर बघतो तर डॉक्टरसाब रॅकेट खाली करून उभे. चालत नेटपाशी आले. म्हणाले, व्यंकट, इत्ते साल तू मेरेकू जिता रा था क्या?

मी खोटं बोलायला पाहिजे होतं. मार्करचं कामच ते. पण जीभ रेटली नाही, मी मान खाली घातली. त्यांनी टॉवेल उचलला आन् गेले. ताई, ह्या माणसानं माझ्या पोरीला तापात दोनदा वाचवलंय, एक रुपया न घेता, आन् मी त्यांना वीस वर्षं फसवलं असं त्यांना वाटत असंल, ह्या विचारानं मला जेवण जाईना. आठवडाभर आले नाहीत. पहिला तास कोर्ट मोकळं. मी एकटाच भिंतीवर मारत बसायचो.

मग आले. नवीन टोपी घालून. मी काही बोलायच्या आत म्हणाले, बायकोनं समजावलं, की ज्या कारणानं तुम्ही रोज सकाळी हसत घरी आलात ते कारण खोटं असंल, हसू तर खरं होतं ना. आन् मग म्हणाले, अर्धा तास तू मला पहिल्यासारखा खेळव, माझी तब्येत त्याच्यावर चालते, आन् अर्धा तास तू तुझा खेळ खेळ, मी मध्ये उभा राहतो, माझ्यापासून लांब मार, जितकं लांब जमंल तितकं. मी म्हणलं साब, कमिटी. ते म्हणाले, कमिटीतली निम्मी लोकं लहानपणी माझ्याकडं सुया घेऊन रडलीत, लाइट लो, मनावर घेऊ नको.

वर्षभर हे चाललं. डॉक्टरसाब मध्यावर उभे, मी कोपऱ्यात मारायचो. पहिल्यांदा हात ऐकतच नव्हता, बॉल फिरून त्यांच्यापाशीच जायचा. ते ओरडायचे, दूर, अरे दूर. हळूहळू ऐकायला लागला.

स्पर्धा आली. शेवटचा सामना, समोर यादगिरी. पहिला सेट त्यानं घेतला, कारण भीती वाटली की हात परत जुन्या वळणावर जातो. दुसरा मी घेतला, कसाबसा. तिसऱ्यात दोघांची जीभ बाहेर. आन् तिथं एक गोष्ट झाली, ती फक्त मार्करलाच कळंल. यादगिरी दमला, आन् दमल्यावर त्याचा हात डोक्याचं ऐकेना. एक बॉल आला, कमरेएवढा, माझ्या फोरहँडवर. दुसरा आला, तसाच. अरे, मी म्हणलं, ह्यालाही तेच लागलंय. हा बी दिवसभर हेच करतो ना. मला त्याची कीव बी आली, खोटं कशाला बोलू, पण सोडलं नाही. शेवटचा बॉल त्यानं मला असा दिला जसा मी डॉक्टरसाबांना द्यायचो, आन् मी तो मोकळ्या कोपऱ्यात मारला.

नेटजवळ जाताना एक वाक्य मी वर्षभर घोकून ठेवलं होतं, मैं भी मेंबर नै हूँ. त्याच्या तोंडाकडं बघितलं आन् बोललो नाही. त्याला कळलं होतं. मी म्हणलं, चल, चाय पीते. त्यानं मला उस्ताद म्हणलं. सुनंदा त्या दिवशी पहिल्यांदाच बघायला आली होती, ती म्हणाली, तुम्ही दोघं इतके का भांडत होता ते काही मला कळलं नाही, पण तुम्ही आज लई चांगले दिसलात. मी रडलो ताई. ते लिहा, लिहू नका, तुमची मर्जी.

तर आता मी परत एक नंबर. पुढच्या थंडीत राहीन का नाही, माहीत नाही, यादगिरी बी गप्प बसणार नाही, आन् बसू बी नये. मागच्या महिन्यात डॉक्टरसाब म्हणाले, आज पूर्ण सेट खेळायचा, आन् एकबी बॉल द्यायचा नाही, माझी शपथ. मी खेळलो. सहा-शून्य झाला, लाज वाटली पण शपथ होती. पण मधल्या एका गेममध्ये मी जीव लावून मारलेला बॉल त्यांनी पळत जाऊन गाठला, आन् कसा काय कुणास ठाऊक, नेटवरून अलगद माझ्या पलीकडं टाकला. मी धावलो. पोचलो नाही.

ते तिथंच उभे, धापा टाकत, माझ्याकडं टक लावून. म्हणाले, सच बोल, ये तू दिया क्या?

नै साब, मी म्हणलं, ये आप लिए.

त्यांनी विश्वास ठेवला का नाही मला कळलं नाही. रॅकेट काखेत धरून दोन्ही हातांनी तोंड पुसलं त्यांनी, आन् घरी न जाता कोर्टावरच बसून राहिले, त्या लाल मातीत, पांढऱ्या कपड्यांनिशी. मीही जाऊन शेजारी बसलो. देव त्यांना शंभर वर्षं ठेवो. तो पॉइंट त्यांचाच होता.