तारखेची जागा

नाही, नाही ताई, खोटी तारीख मी घालणार नाही. नाव सांगा, भांड्यावर नाव घालतो. आजची तारीख सांगा, आजची घालतो — हे मशीन टर्र करतं की झालं काम. पण आज इथं बसून एकोणीसशे अठ्ठावन्न घालायचं म्हणजे — कशाला? जुनं दिसायला? अहो, जुनं असेल तर ते जुनंच आहे, आणि नसेल तर नाही! चिडलो? छे, चिडत नाही. बसा, स्टूल ओढा. मला नुसता वीट आलाय. या महिन्यातल्या तुम्ही चौथ्या. सगळ्यांना भांडी बाजारात येऊन जुनंच पाहिजे, आणि कशाला पाहिजे तर स्वयंपाकाला नाही, पाणी भरायला नाही — मांडायला! दाखवा, दाखवा फोटो, एवढं म्हणताय तर. थांबा, चष्मा लावतो. हां. हे काय, हॉल? क्राफ्टची खोली. म्हणजे विणकाम, भरतकाम, कागदाची फुलं — चांगलं आहे, हाताला काम असावं. हे शिवणयंत्राचे पाय, वर काच, काचेवर लॅपटॉप. वरचं मशीन कुठं गेलं? माहीत नाही. पाय तेवढे आणले. पाट भिंतीला ठोकलेत. ज्याच्यावर माणसं जेवायला बसली, नवरदेव बसले, त्याच्यावर आता रंगाच्या बाटल्या. आणि हा बंब ना? बंबात झाड लावलंय! आणि घंगाळात मांजर! नाही, मांजर गोड आहे, मांजराबद्दल माझं काही म्हणणं नाही. ‘घर उबदार वाटतं’ — वाटणारच, बंबाचं कामच ते होतं, पाणी तापवायचं. पण मला शिसारी कशाची येते सांगू? ही काळी ठेवलेली भांडी. आमच्या आयांनी चिंच घासून घासून बोटांची सालं काढली, पितळ असं लखलखीत की तोंड बघावं, आणि तुम्ही म्हणता कळकट राहू द्या, त्यातच शोभा आहे. छ्या! कळकटपणाला पैसे मोजून आणणारी ही पहिलीच पिढी.

काढा, काय काय आणलंय ते. कुठून घेतलं? द्वारका चौकात — हां, तो. तो कसला विंटेजवाला, कालपर्यंत वजनावर जुनी भांडी घेणारा साधा मोडवाला होता, आता पाटी बदलली. त्यानंच पाठवलं ना तुम्हाला? भांडी बाजारात केरूनानांकडे जा, ते जुनी तारीख घालून देतात — असंच म्हणाला असेल. घातल्यात मी, खोटं कशाला बोलू. गेल्या दिवाळीला चांगली गोणीभर भांडी पाठवली होती त्यानं, चिठ्ठीवर तारखा लिहून. दोनतीनवर तर शकसुद्धा घातला. हात चालत होता आणि तोंडाला कडू पाणी सुटत होतं. तेव्हापासून बंद. आता हा डबा बघा. यात तुम्ही बटणं ठेवणार? बरं, वाचलंय का काय लिहिलंय? वाचा की. ‘कै. गंगूबाई’ — आडनाव झिजलंय — ‘यांच्या स्मरणार्थ’. अहो ताई, हा वर्षश्राद्धाला लेकीबाळींना वाटलेला डबा आहे! मेलेल्या बाईच्या आठवणीचा. ठेवा बटणं. आणि या फिरकीच्या तांब्यावर ‘मामाकडून’. कोणाचा मामा, कोणाची भाची, तुमचं कोण लागतं? कोणी नाही. आणि घरी आलेल्या मैत्रिणींना सांगणार, आमच्या आजीचा आहे. बघा, हसलात! सगळ्या हेच सांगतात. दुसऱ्याची आजी फळीवर मांडायची आणि स्वतःची — आहे का हो तुमची आजी? पुण्याला. जाता का कधी? असो. मी कोण विचारणारा.

अजून काय आहे त्या कागदात? घागर. हिच्यावरच घालायची तारीख? काढा.

कुठून म्हणालात आणली? त्याच्याचकडून. कधी — परवा. नाही, काही नाही. ऊन येतं डोळ्यांवर या वेळेला. इकडे फिरवा जरा. राहू द्या, राहू द्या, वाचता येतंय मला. ‘चि. सौ. कां. तेजस्विनी हिस आई-वडिलांकडून सप्रेम भेट. दि.’ — आणि पुढं काही नाही. याच जागेत तुम्हाला अठ्ठावन्न पाहिजे. अहो, अठ्ठावन्न साली पोरीचं नाव तेजस्विनी कोण ठेवत होतं? तेव्हा सुमन, कुसुम, इंदिरा. तेजस्विनी म्हणजे नव्वदनंतरचं. त्र्याण्णवचं. म्हणजे — असेल, अंदाजानं सांगतो. आणि ही कुठली जुनी, सहा वर्षांपूर्वी नवीकोरी होती ही. अशी दिसते ती त्यानं अ‍ॅसिड-बिसिड लावून काळी केली म्हणून. चांडाळ आहे. अंगठ्यानं दाबून बघा, पत्रा कसला जाड आहे ते. आणि अक्षर मशीनचं नाही, हातचं आहे, छिन्नीनं ठिपक्याला ठिपका लावून घातलेलं. हा ‘ज’ बघा, पोट कसं वळवलंय — असा ‘ज’ आता नाशकात कोणी घालत नाही. मीच घालायचो.

काय? हो, मीच. एक करा ताई, ही मला द्या. वरची रांग बघा, यातली कुठलीही घागर उचला, दोन उचला, काळी पाहिजे तर काळी करून देतो — हो, देतो, आत्ता म्हणालो ते विसरा. नको? हिचाच आकार त्या कोपऱ्यात बसतो? काय ठेवणार हिच्यात? लोकरीचे गुंडे! बरोबर आहे, ठेवा, ठेवा लोकर. तिथं हिच्यासोबतची अजून होती का? मोठी परात, काठाला वेलबुट्टी? गेली. हॉटेलवाल्यानं नेली, पाण्यात पाकळ्या सोडून दारात ठेवायला. वा! वाजले किती? पावणेएक. एक वाजता आमची मंडळी डबा घेऊन येते, त्याआधी ही इथून हलली पाहिजे. का म्हणजे — काय करायचंय तुम्हाला? तुम्ही घर सजवा.

तेजस्विनी माझी मुलगी. एकुलती. दहावीत होती तेव्हा ही घागर केली. दुकानात मशीन आलेलं, लोकांच्या भांड्यांवर मशीननं घालायचो, पण तिचं सगळं हातानं, दुपारी शटर अर्धं ओढून. नवरा कोण, घर कुठलं, कशाचा पत्ता नाही आणि बाप नाव घालून मोकळा! सविता — माझी बायको — म्हणायची, अहो, असं आधी नाव घालू नये, कोणी घालत नाही. मी म्हणायचो, तारखेची जागा सोडलीय ना, मुहूर्त निघाला की एका बैठकीत सगळ्यांवर तारीख घालीन. दर दिवाळीला एक भांडं. घागर, कळशी, परात, तपेली — अकरा झाली होती. लोकांच्या पोरींच्या किती तारखा घातल्या असतील मी या हातानं, सीझनला मान वर करायला वेळ नसायचा, आणि प्रत्येक वेळी मनात यायचं, आता आपली. आणि तिनं काय केलं? अंबडच्या कंपनीत बरोबर कामाला होता एक, महेश, घोटीचा, भातशेतीवाल्यांचा, आमच्यातला नाही — त्याच्याशी रजिस्टर लग्न. फोनवर सांगितलं, बाबा, झालं म्हणून. बाजारात सगळ्यांना माहीत होतं मी काय करून ठेवलंय ते. शेजारचा तांब्यावाला विचारायचा, काय नाना, तारीख घातली का? हसून विचारायचा. मला ती अकरा भांडी डोळ्यांसमोर नको झाली.

सविता महिना-दोन महिने रडली आणि एक दिवस उठून म्हणाली, तुम्ही बोलू नका तिच्याशी, जेवू नका तिच्याकडे, पण भांडी तिची आहेत, तिच्या नावाची आहेत, ती तिला पोचवून या. स्वतः बांधली तिनं गोणीत, आवाज होऊ नये म्हणून मधे वर्तमानपत्र घालून. परातीत खण ठेवला, नारळ ठेवला. मी रिक्षानं द्वारकेला गेलो, घोटीची गाडी धरायला. एक गाडी आली, गेली. दुसरी आली, गेली. पाय उचलेना. मला दिसत होतं ना — मी गोणी घेऊन त्यांच्या उंबऱ्यात उभा आणि आतून त्यांची माणसं बघतायत, आला बघा, बाप आला वाकून. आणि समोरच हा मोडवाला. रस्ता ओलांडला आणि गोणी त्याच्या काट्यावर टाकली. खण-नारळसुद्धा काढला नाही. म्हटलं भट्टीत जाईल, पाणी होईल, नाव राहणार नाही, विषय संपेल. मोड म्हणजे मोड! पण त्या हरामखोराला बरोबर वास आला, उद्या या असल्यालाच गिऱ्हाईक येणार. आणि आलंच की, बसलंय माझ्यासमोर.

नाही, तुम्हाला नाही बोलत. बसा. घाण अजून पुढं आहे, ऐकायला बसलात तर पुरती ऐका. घोटीला जाऊन यायला जेवढा वेळ लागतो तेवढा मी द्वारकेला टपरीवर बसलो, चहावर चहा पीत. बरोब्बर वेळेला घरी. सविता दारातच. पोचली? म्हटलं, पोचली. काय म्हणाली? आता ‘काही नाही’ म्हटलं असतं तर भागलं असतं ना? पण नाही. मी म्हणालो, ‘ठेवा तिकडं कोपऱ्यात म्हणाली. पाणीसुद्धा विचारलं नाही.’ गेलं तोंडातून. कोणी सांगितलं होतं? दारात आलेल्या बापाला पाणी न विचारणारी पोर — ही पोर मी तयार केली, ताई, उभ्या उभ्या, या तोंडानं. थू! आणि सवितानं ते धरून ठेवलं. पळून केलेलं लग्न तिनं माफ केलं होतं, पण पाणी नाही माफ केलं. पोरीचा फोन आला की कट करते. तेजस्विनीला मुलगी झाली, स्वानंदी, चार वर्षांची आहे आता. बारशाला बोलावलं, ही गेली नाही. म्हणाली, जिथं माझ्या नवऱ्याला पाणी मिळालं नाही तिथलं मी जेवू? माझ्यासाठी नाही गेली! मी बघितलीय पोरगी, फोटोत. महेश पाठवतो मला, मी बघतो आणि पुसून टाकतो. तो विचारतो, आईंचं काय चुकलं आमच्याकडून तेवढं सांगा. मी काय सांगू? कप्पाळ? तेजस्विनीला तर भांडी तिच्याकडे पाठवली होती हेच माहीत नाही. आणि मी तुम्हाला सांगतोय बंबात झाड कशाला लावलं म्हणून. लावा हो, काय वाटेल ते लावा. माझीच मला ओकारी येते, तर लोकांच्या बंबाला नावं ठेवत बसतो.

झालं. घाला आता ती पिशवीत. सांगणार आहे मी सविताला — कधीतरी सांगणारच आहे, पण अशी नाही, भर बाजारात, घागर समोर ठेवून. तिची बीपीची गोळी चालू आहे. घाला ना ताई, का बघताय माझ्याकडे? नको ती घागर, माझी विनवणी आहे, न्या तुमची तुम्ही, लोकर ठेवा, अठ्ठावन्न घालून पाहिजे का? घालून देतो, उद्या घरी येऊन घालून देतो, पण आत्ता — वर्तमानपत्र गुंडाळा निदान — ती बघा, वळली कोपऱ्यावरून — ये गं. आज लवकर? काही नाही, गिऱ्हाईक आहे. बघ ना, जुनं-पानं आणतात आणि तारखा घाला म्हणतात. कुठली काय, द्वारकेची, अशीच कोणाची तरी. हात नको लावू, अ‍ॅसिड लावलंय तिला, बोटं भाजतील. सविता, डबा ठेव आधी. चष्मा कशाला काढतेस? सविता.

हो. तीच आहे.

कोणी — तेजूनं? विकली म्हणतेस? असेल गं, तिची काही अडचण असेल, हल्लीच्या पोरी पितळ कुठं वापर — नाही. नाही, सविता. तिनं नाही विकली. बस. स्टुलावर बस आधी. ताई, तुम्ही उठा आणि जा आता. घागर राहू द्या तिथंच, आणि जा.