हॉलिवूडच्या संपाचे शेंद्र्यातले पुढारी

तुम्हाला खोटं वाटेल, पण हॉलिवूडचा संप काही महिने आपल्या शेंद्र्यातून चालला होता.

मी तेव्हा शहरात गुलमंडीवरच्या एका छोट्या पेपरात सिनेमाचं पान लिहायचो. तिकडं नट-नट्या संपावर गेले आणि मुलाखतीच बंद झाल्या. संपादक म्हणाले, "पान कोरं राहिलं तर तिथं बियाण्यांच्या जाहिराती टाकीन, अन् तुलाच बियाणं विकायला पाठवीन."

घाबरून कडूबा मामांना गाठलं. शेंद्र्याच्या कारखान्यात तीन संप लढवून रिटायर झालेला माणूस.

"मामा, हॉलिवूडचे नट संपावर गेलेत."

"मंडप कुठं टाकलाय?"

"मंडप नाही. हातात पाट्या घेऊन गेटसमोर फिरतात."

"उन्हात? लई कच्चा पुढारी हाय त्यांचा! आधी मंडप, मग सतरंजी, मग घोषणा. मागणी काय?"

"कॉम्प्युटरवर आमचा चेहरा बनवून फुकटात वापरू नका म्हणतात."

"व्हय, आमच्याकडं मशिनी आल्या तवा असंच झालं. लिही, माझा जाहीर पाठिंबा!"

फोटोसकट छापलं. पान इतकं गाजलं की दर शुक्रवारी मामांचा हॉलिवूडला सल्ला येऊ लागला. मामा गॉगल लावून फोटो द्यायचे, चहाच्या टपरीवर लोक त्यांच्यासोबत सेल्फी काढायचे.

मग एका सकाळी बातमी आली. मी आनंदानं फोन लावला, "मामा, संप मिटला! मागण्या मान्य झाल्या!"

मामा म्हणाले, "मला न इचारता?"