मनगटावरचा ऊद

मंडळी, मला एक सांगा — माणूस ओळखायला किती वेळ लागतो? शहाणे म्हणतात, जन्म जातो. आणि आपल्याला? चहाला उकळी येईपर्यंत! सून उंबरठा ओलांडते, तोवर आपला निकाल तयार!

ऐका तर. एका संस्थानात रंगोपंत गंधे म्हणून गृहस्थ होते. देवाला लागणारं अत्तर हुंगून पसंत करायचं, हे त्यांचं काम. तीस वर्षांत नाक एकदाही चुकलं नव्हतं. आणि न चुकणारं नाक जरा वरच असतं, बरं का!

एका सकाळी हुसेनबी आली. नवऱ्यामागं त्याची अत्तराची भट्टी तीच चालवायची. कुपीत उदाचं अत्तर. ऊद म्हणजे अगरूचं लाकूड — झाडाला घाव बसतो, घावाभोवती राळ धरते, तिचा हा सुगंध! पंतांनी मनगटावर थेंब घेतला, हुंगला आणि देवळाच्या भरल्या सभामंडपात म्हणाले, "ही तर पिकली बोरं. लाकूड कुठाय? भेसळ आहे."

झालं! हा शब्द गावात गेला की बाईच्या दारात गिऱ्हाईक फिरकायचं नाही. पण ती भांडली नाही. "पंत, आधी फळ येतं, लाकूड मागनं येतं. सांजेपर्यंत दम धरा." पंतांनी तिच्यादेखत हात धुऊन टाकला.

सांजेला पंत आरतीला उभे राहिले, हात जोडले — आणि थबकले. जुन्या लाकडाचा खोल, उबदार दरवळ! अंगावर सर्रकन काटा आला. देवाचा श्वासच जवळून गेल्यासारखं वाटलं हो! ऊद कुणी जाळला, त्यांनी पुजाऱ्याला हळूच विचारलं.

पुजारी म्हणाला, "कुणीच नाही. वास तुमच्याच हाताला येतोय."

पंतांचे डोळे भरले. आता? नुसतं गप्प बसले असते तरी तीस वर्षांचं नाव शाबूत होतं! पण आरती संपली, आणि पंतांनी तो हात गावापुढे धरला. "सकाळी मी चुकलो. हुसेनबीचा ऊद खरा आहे. या, हुंगून बघा." एकेक जण पुढं येऊन त्या मनगटाला नाक लावू लागला. पायरीवर उभी हुसेनबी पदरानं डोळे पुसत होती.

तर मंडळी, आता इथं अत्तरदाणी फिरेल. मनगटावर लावून घ्या, पण हुंगू नका! पहिल्या भेटीत ज्याला मोडीत काढलंत, आधी त्याच्या दारी जा. त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्या. मग हात नाकाशी न्या.